ठकूमायचे वाटे

ठकूमाय मला मास्तर म्हणायची. मी मास्तर नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परभणीच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला आहे तिथं कर्करोगावरच्या नव्या औषधांचे अभ्यास चालतात. रुग्णांना तो अभ्यास समजावून सांगायचा, त्यांच्या तारखा सांभाळायच्या, गोळ्या वेळेवर पोचवायच्या, हे माझं काम. तेवढं ऐकून ती म्हणाली, "समजावून सांगतोस ना? मंग मास्तरच की." आणि मग जरा पुढं वाकून, "मारत न्हाईस ना पर?"

हे सगळं ती दातांच्या फटीतून बोलत होती. गालाच्या आतल्या गाठीमुळं तिचं तोंड उघडतच नव्हतं. तोंड किती उघडतं ते आम्ही बोटांनी मोजतो. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं मावतात. तिच्या तोंडात एकही धड जात नव्हतं. आयुष्यभर मिश्री आणि गालात तंबाखू, त्याची ती गाठ. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेच्या पलीकडं गेलंय.

ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. चुडाव्याच्या बाजूला त्यांचं गाव, पण गावात ती फक्त पावसाळ्यात. एरवी पाच-सहा घरं आपापली मेंढरं एकत्र करून रानोरान हिंडतात, त्याला ते वाडा म्हणतात. त्या वाड्याची कारभारीण ठकूमायच. नवरा गेल्यापासून कुठल्या रानात जायचं, कुठल्या शेतकऱ्याशी बोलायचं, सगळं तिच्याकडं. बाकावर ती कधी बसली नाही. दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायची आणि चाती फिरवत लोकर कातायची. सलाइन लागलं तरी मोकळ्या हातानं चाती घेऊन बसे. नर्स ओरडली की म्हणायची, "ह्या हाताला काय रोग हाय व्हय?"

तिच्यासोबत त्याच वाड्यातला लिंबाजी यायचा. त्यालाही तेच, फक्त गाल दुसरा. दोघं एकाच जीपनं यायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. कैक वर्षांपूर्वी तिच्या एडक्यानं त्याच्या एडक्याचं शिंग मोडलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. एकाच चुलीवरचं खायचे, एकाच रानात निजायचे, आणि काही सांगायचं असलं तर वाड्यातल्या कुत्र्याला सांगायचे. "मोत्या, सांग त्यांना, कोकरू लंगडायलंय." दवाखान्यात कुत्रा नव्हता. ते काम माझ्याकडं आलं.

"मास्तर, त्याला सांग, पानी पी म्हनावं. व्हट सुकलेत."

"मास्तर, तिला सांगा, माजे व्हट हायत, तिचे न्हाईत."

हाताच्या अंतरावर बसलेले असायचे दोघं.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

तेव्हा आमच्याकडं एका नव्या गोळीचा अभ्यास होता. गाठीला रक्त मिळू न देणाऱ्या जातीचं औषध. काही रुग्णांना नवी गोळी द्यायची आणि काहींना जुनी, नेहमीची. दोन्ही दिसायला एकसारख्या, डब्याही एकसारख्या. कुणाला कोणती जाणार हे रुग्णाला ठाऊक नसतं, मला नसतं, डॉक्टरांनाही नसतं. लांब कुठंतरी एक संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ते ठरवतो. माणसाचा आपपरभाव त्यात येऊ नये म्हणून तसं करतात. ते बरोबरच आहे. पण हे माणसाला समजावून सांगायचं म्हणजे घाम निघतो.

मी दोघांना दवाखान्यामागच्या लिंबाखाली घेऊन बसलो. बराच वेळ बोललो. लिंबाजीनं शेवटी विचारलं, "म्हंजे आमच्यावर परयोग करायलेत का साहेब?"

 तेव्हा मला एक गोष्ट आठवली. पाथरीच्या रस्त्याला एका शेतात मी या लोकांना दाण्याचे वाटे पाडताना पाहिलं होतं. शेतकरी यांची मेंढरं रात्री शेतात बसवून घेतो, रानाला खत मिळतं, आणि त्याच्या बदल्यात धान्य देतो. ते धान्य घोंगडीवर एका ढिगात ओतायचं आणि त्याचे घरागणिक वाटे करायचे. मग प्रत्येक जण आपली खूण देतो, कुणी खडा, कुणी काडी, कुणी शर्टाची गुंडी. ज्याला कोणती खूण कुणाची हे ठाऊक नाही अशा परक्या माणसाला बोलवायचं. तो डोळे झाकून एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवत जातो. ज्याची खूण त्याचा वाटा. कुणी कुणावर रुसायचं नाही.

"माय," मी म्हणालो, "तुमच्यात वाट्यावर खुणा टाकतात ना? हे तसंच. संगणक म्हणजे तो परका माणूस."

दोघांचे चेहरे एकदम मोकळे झाले. इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण माझं सांगणं असं लख्ख पोचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ठकूमायनं चाती थांबवली. "म्हंजे आधी वाटे सारखे पाडायचे, मंग खुणा. तसंच ना?"

तसं नव्हतं. वाटे सारखे नव्हतेच, ते सारखे आहेत का हेच तर शोधायचं होतं. मला ते तिथल्या तिथं कळलं. पण पुन्हा पहिल्यापासून कोण सुरू करणार, आणि आत्ताच तर दोघं राजी झालेत.

"हो," मी म्हणालो. "तसंच."

"आन् वाटा खोटा निघाला तर?"

"तसं होत नसतं, माय."

दोघांनी अंगठे दिले. डॉक्टरांना मी खुणांची गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके खूष झाले की पुढं दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षणात मला उभं करून ती सांगायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या त्या 'हो'चा भाग मी तिथं सांगितला नाही. इथं पहिल्यांदाच सांगतोय.

औषध ठकूमायला लागू पडलं. दर खेपेला मी हातमोजा घालून बोटं पुढं करायचो आणि ती डोळे मिटून आ करायची. आधी एक बोट गेलं, मग दोन. भाकरी कुस्करून खायची ती तुकडा मोडून चावू लागली. एकदा तिसरं बोट अर्धं आत गेलं तर तिनं ते हलकेच चावलं आणि हसत सुटली.

पण तिला भाकरीचं एवढं नव्हतं. तिला हाळी पाहिजे होती. मेंढरं काठीनं हाकता येतात, पण पांगलेली मेंढरं परत फिरतात ती आपल्या माणसाच्या हाळीनं, आणि वाड्यातली निम्मी मेंढरं तिची हाळी ओळखून वाढलेली. तोंड बंद झाल्यापासून तिची सून हाळी द्यायची. मेंढरं माना वर करायची, बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. "त्यांना वाटतंय मी मेले," ती मला म्हणाली होती. "रोज समोर हुबी राहते, तरी वाटतंय मेले." पुढच्या हिंडतीला, पावसाळा सरून रानोरान फिरायला निघताना, वाडा आपल्या हाळीनं निघाला पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. बाकी आयुष्य वगैरे ती काही बोलली नाही.

बोट चावलं त्याच दिवशी दवाखान्याच्या आवारात तिनं दोन्ही तळवे तोंडाशी नेले आणि हाळी दिली. लांब, वर चढत जाणारी, शेवटाला तुटणारी. पहारेकरी पळत आला. रांगेतली माणसं उठून उभी राहिली. ठकूमाय म्हणाली, "काय न्हाई बाबा, बगत होते येती का."

लिंबाजी भिंतीशी बसून होता. त्याच्या तोंडात बोट जात नव्हतं. त्याची गाठ आता बाहेरून दिसायला लागली होती, गालाची कातडी ताणून लाल झाली होती. ठकूमायची नजर त्याच्याकडं गेली आणि तिचं हसू ओसरलं.

"मास्तर, त्याला इचार, किती उघडतंय."

"तिला सांगा, लय उघडतंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हातमोजा काढत राहिलो.

त्या खेपेनंतर गोळ्या घेऊन मीच वाड्यावर गेलो. लिंबाजीला जीपचे धक्के सोसत नव्हते. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून विचारत विचारत गेलो तर कापूस वेचून पऱ्हाटी काढलेल्या एका रानात वाडा उतरलेला. दुपार टळलेली. मधोमध काळी घोंगडी अंथरलेली, तिच्या एका बाजूला ठकूमाय, दुसऱ्या बाजूला लिंबाजी. मला वाटलं दाणे वाटतायत. जवळ गेलो तर घोंगडीवर पांढऱ्या गोळ्या होत्या. दोन डब्या रिकाम्या करून एका ढिगात ओतलेल्या, आणि त्या ढिगाचे दोन वाटे.

"बरं झालं आलास," ठकूमाय म्हणाली. "खूण टाकायला परका मानूस मिळंना. समदे घरचेच."

"माय, हे काय केलंत?"

"वाटा खोटा निघाला रे. माजा लागला, त्याचा न्हाई लागला. आमच्यात वाटा खोटा निघाला की समद्यांनी आपापला ढिगात परत टाकायचा आन् नव्यानं पाडायचे. त्यात काय इचारायचं?"

"ती ऐकंना," लिंबाजी जड जिभेनं म्हणाला. "म्या म्हनलं, राहू दे तुला." मग तिच्याकडं वळून, "लय हट्टी हायस बग तू."

"आन् तू? एका शिंगापायी म्हातारा झालास."

ती दोघं एकमेकांशी बोलत होती. मोत्या बाजूला झोपला होता, त्याला कुणी काही सांगत नव्हतं. सून चहाचं आधण ठेवत तोंडाला पदर लावून हसत होती.

मी तिथंच गोळ्या गोळा करायला हव्या होत्या. सांगायला हवं होतं की माय, मी तुला चुकीचं सांगितलं, वाटे सारखे नसतात, हे औषध आहे, दाणे नाहीत. पण मला तोंड फिरवायला लावून दोघांनी एक लोकरीचा पुंजका आणि एक गुंडी सुनेच्या हातात दिली, सुनेनं त्या माझ्या मुठीत दिल्या, आणि "डोळे झाक" असं ठकूमाय म्हणाली. मी डोळे झाकले. एक खूण डावीकडं ठेवली, एक उजवीकडं.

"खूण टाकनाऱ्याला वाट्यातली वंजळ द्यावी लागती," ती म्हणाली. "पर ह्यातलं काय देऊ तुला? पुढच्या दाण्याला देईन."

मी चहा प्यालो. परत निघालो. गाडीत बसल्यावर मला भीती वाटायला लागली. पुढच्या तपासणीत हे बाहेर येणार, कुणीतरी विचारणार, ठकूमाय सगळ्यांसमोर हसत हसत सांगणार की मास्तरनंच खुणा टाकल्या. नोकरी, दवाखान्याचं नाव, सगळं डोळ्यांपुढं आलं. तिचं काय होईल हे तेव्हा मनात आलंच नाही, हे खरं आहे. ते नंतर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. दोघांनी गोळ्या एकत्र केल्या, नीट समजावून सांगूनही पाळलं नाही. 'नीट समजावून सांगूनही' हे शब्द माझे. खुणांचं बोललो नाही. डॉक्टर डोकं धरून बसले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी वर विनवण्या केल्या. पण नियम नियम होता. कुणी काय घेतलं याचा हिशोबच उरला नाही तर अभ्यासाला अर्थ राहत नाही. दोघांचीही नावं कमी झाली. नवी गोळी तेव्हा अभ्यासाबाहेर कुठंही मिळत नव्हती.

सांगायला मलाच जावं लागलं. ठकूमायनं ऐकून घेतलं. चाती फिरतच होती.

"म्हंजे दोघांचंबी बंद?"

"नेहमीचं औषध मिळेल, माय. दुखण्याच्या गोळ्या मिळतील."

"असं कर, माजा वाटा बंद कर. त्याला दे समदा."

"तसं नाही करता येत."

"मंग त्याचा बंद कर, मला दे. त्यो काय न्हाई म्हननार. इचार त्याला." लिंबाजीनं मान हलवली, चालेल म्हणून.

"नाही करता येत, माय."

तिनं कातलेला दोरा चातीवर गुंडाळून घेतला. मग म्हणाली, "कामून रे? तूच म्हनला व्हतास ना, वाट्यावानी हाय म्हनून?"

रागानं नाही. खरंच विचारत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तोंड उघडायला मला काही अडचण नव्हती, तरी नाही फुटला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "जाऊ दे. तुज्या वरच्यांनी काय आईकलं नसंल. चहा घेतोस?"

लिंबाजी त्याच थंडीत गेला. ठकूमायच्या गालातली गाठ पुन्हा वाढली. आधी तिसरं बोट तोंडात जायचं थांबलं, मग दुसरं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. अभ्यास संपल्यावर, कुणाला कोणती गोळी गेली होती ते उघड करतात. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि खुर्ची पुढं केली. ठकूमायला नवी गोळी होती. लिंबाजीलाही नवीच होती. दोघांच्या डब्यांत एकच औषध होतं. एका शरीराला ते लागू पडलं, दुसऱ्याला नाही, एवढंच. का, ते अजून कुणालाच माहीत नाही, त्यावर आता वेगळा अभ्यास चाललाय. घोंगडीवर ओतून, पुन्हा वाटून, खुणा टाकून एका गोळीचाही फरक पडला नव्हता. तिच्या वाट्याला जे यायचं तेच येत राहिलं होतं. वाटे पहिल्यापासून सारखेच होते. मी डॉक्टरांना काही बोललो नसतो तर ती गोळी तिच्या पोटात जात राहिली असती.

ती वाचली असती असं मी म्हणत नाही. त्या गोळीनं कुणी कायमचं वाचलेलं नाही. पण काही जणांना काही महिने मिळाले. एक हिंडती तिला मिळाली असती.

हे कळलं तेव्हा ती नव्हती. कळवायला वाड्यावर जावं असं पुष्कळदा मनात येतं. कुणाला सांगणार, आणि काय म्हणून? सून बिचारी अजूनही दवाखान्यात कुणा नातेवाइकाला घेऊन आली की मला हात जोडते.

ठकूमायला मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, ज्वारी निघाल्यावर. दुखण्याच्या गोळ्या द्यायला गेलो होतो. त्या दिवशी दाण्याचे वाटे चालले होते. तिनं चेहऱ्याला पदर गुंडाळून घेतला होता, फक्त डोळे दिसत होते. बोलणं संपलंच होतं. वाट्यांत एक वाटा लिंबाजीच्या घरचाही होता, तो तिनं स्वतःच्या हातानं पाडला. मला पाहून तिनं सुनेला खूण केली. सुनेनं सगळ्यांच्या खुणा माझ्या मुठीत आणून दिल्या. मला नाही म्हणता आलं नाही. डोळे झाकून मी त्या एकेका वाट्यावर ठेवल्या.

तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून घोंगडीवर पसरला आणि तिच्या वाट्यातली एक ओंजळ त्यात टाकली. मी गाठ मारायला गेलो तर तिनं हात धरला. दुसरी ओंजळ टाकली. मला कळेना. तिनं दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी बारीक धरल्यासारखं करून दाखवलं, गोळीएवढं, आणि डोळ्यांनी हसली. मागची राहिलेली ओंजळ.

मग मेंढरं हलायची वेळ झाली. ती उठली, सवयीनं दोन्ही तळवे पदरावरून तोंडाशी नेले. श्वासानं छाती फुगलेली मला दिसली. आवाज आला नाही. तळवे तसेच धरून ती उभी राहिली, आणि मागून सुनेनं हाळी दिली. मेंढरांनी माना वर केल्या, पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

घरी आल्यावर बायकोनं रुमाल सोडला. पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी होती. दळून आणून तिनं भाकरी केल्या.

"कुणी दिली?"

"एका रुग्णानं."

"कशाबद्दल?"

"असंच," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.